रिपोर्ट नॉर्मल, पाठ मात्र दुखतेय: मला सतत विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. नाशिकला बँकेत नोकरी, वय ४४, आणि गेली सहा वर्षं कंबर, डावा पाय आणि मधूनमधून हाताच्या बोटांत मुंग्या असं सगळं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतेय. सुरुवात झाली ती बाबा आयसीयूत होते तेव्हा. अकरा रात्री बाहेरच्या लोखंडी खुर्चीवर काढल्या, तेव्हा काही म्हणजे काही दुखलं नाही, ते बरे होऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उठता येईना. तेव्हापासून नात्यातले, ऑफिसातले, बिल्डिंगमधले, ज्याची ज्याची कंबर धरते तो मला विचारतो. तेच प्रश्न, तीच उत्तरं, म्हणून एकदा लिहूनच ठेवते.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. मग दुखतं कशाने? मी नाटक करतेय असं घरच्यांना वाटतं.

नाटक नाही. एक्स-रे, एमआरआय, रक्त यांत जे दिसतं ते हाड, गादी (दोन मणक्यांमधली मऊ चकती), सूज, इन्फेक्शन असलं काहीतरी. दुखणं फोटोत येत नाही, कोणाचंच येत नाही. कंबरदुखीच्या दहातल्या साधारण नऊ जणांमध्ये बोट ठेवून दाखवावं असं एक कारण सापडतच नाही, याला डॉक्टर लोक नॉन-स्पेसिफिक म्हणतात. मला हा शब्द पहिल्यांदा फाइलवर दिसला तेव्हा रागच आला होता, वाटलं यांना कळलं नाही म्हणून मोठं नाव दिलंय. थोडंफार तसंच आहे म्हणा. पण त्याचा अर्थ "काही झालेलं नाही" असा नसून "भयंकर काही झालेलं नाही" असा आहे, आणि या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी हा फरक सांगितला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं, त्यांनी फक्त "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून फाइल परत दिली आणि मी रिक्षात बसून रडले.

पण घाई कधी करायची? कधी थांबायचंच नाही?

हे नीट वाचा, बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी म्हणजे मांड्यांच्या आत आणि गुदद्वाराभोवती बधिर झालं, पाऊल उचलेना आणि चप्पल पायातून निसटायला लागली, दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असलं तरी हॉस्पिटल. पाठीच्या खालच्या टोकाला नसांचा जुडगा असतो, तो दाबला गेला तर तास मोजून उपचार करावे लागतात.

त्याच रात्री नाही पण याच आठवड्यात दाखवा असंही काही असतं. पाठदुखीबरोबर बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरतंय (आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून भरपूर आहे, तो फक्त छातीत होतो असं समजू नका), आधी कॅन्सर होऊन गेलाय, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालंय, स्टिरॉइड बरीच वर्षं चालू आहेत, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखतंय. आणि तरुण पोरं, विशी-तिशीतली, ज्यांची पाठ सकाळी अर्धा-पाऊण तास लाकडासारखी असते, पहाटे दुखण्याने जाग येते, आणि फिरल्यावर मोकळी होते, त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं. हा टेन्शनचा नाही, वेगळा आजार असू शकतो आणि त्याला चांगली औषधं आहेत.

डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळे आहे. म्हणजे मनाचे खेळ का?

लाजलो की गाल लाल होतात, परीक्षेच्या आधी पोट बिघडतं, त्याला कोणी मनाचे खेळ म्हणत नाही. पाठीच्या बाबतीतच लोकांना का शंका येते कोण जाणे.

काय होतं ते मला समजलं तसं सांगते. टेन्शनमध्ये खांदे वर, जबडा आवळलेला, श्वास छातीतल्या छातीत, पाठीचे स्नायू तासन् तास ताठ. झोप तुटते, आणि झोप तुटली की तेच दुखणं दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं. शिवाय नसांचा स्वभाव बदलतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात ना, तसं एकदा घाबरलेली मज्जासंस्था साध्या गोष्टींनाही फुंकत बसते. वाकलं, शिंकलं, स्कूटर खड्ड्यात गेली, एवढ्यावरसुद्धा मेंदूला "धोका" असा निरोप जातो आणि तो निरोप मोठा करून ऐकवला जातो. यात जागा नव्याने दुखावलेली असेलच असं नाही, पण दुखणं शंभर टक्के खरं. २०१७ पासून या प्रकाराला नोसिप्लास्टिक पेन असं वेगळं नाव आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी नवीन यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यात जुनाट दुखणं हा स्वतंत्र आजार म्हणून आलाय. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, बरं, पण भाकरी थापताना मोबाईलवर बोलताना कशी नाही दुखत तुझी. खरंय, लक्ष दुसरीकडे असलं की कमी दुखतं. तोही याच आजाराचा भाग आहे, नाटकाचा पुरावा नाही.

टेन्शनशी संबंध आहे हे ओळखायचं कसं?

माझं कालनिर्णयने ओळखलं. स्वयंपाकघरात दाराच्या मागे लटकतं, त्यावर दुधाचे खाडे लिहायचे, तर त्याच पेन्सिलीने मी जास्त दुखलं त्या तारखेला एक बारीक फुली मारायला लागले. का मारत होते तेही माहीत नव्हतं, डॉक्टरांना सांगायला बरं पडेल म्हणून. वर्षाच्या शेवटी नवीन कालनिर्णय लावताना जुनं चाळलं तर मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत आठ फुल्या. इयर एंड. जूनमध्ये मुलाची ॲडमिशन, तेव्हा पुन्हा गर्दी. बाबांच्या फॉलोअपच्या तारखेच्या आधी दोन दिवस, दर वेळी. आणि ज्या आठवड्यात आम्ही सामान शिफ्ट केलं, खोके उचलले, चार मजले चढउतार, त्या आठवड्यात एकही नाही!! मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. तोपर्यंत मला पक्कं वाटत होतं की माझी कंबर वजन उचलल्याने बिघडते.

तुमचं तसंच निघेल असं नाही. काहींचं खरंच बसण्याशी, उचलण्याशी जोडलेलं असतं. पण दोन-तीन महिने फुल्या मारून बघायला पैसे लागत नाहीत. फक्त फुलीच मारा, दर तासाला दहापैकी किती असले आकडे लिहीत बसू नका, त्याने दिवसभर दुखण्याकडेच लक्ष राहतं, मी केलंय ते.

एमआरआयमध्ये एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला, बल्ज (फुगवटा) आलाय. गादी सरकली का? ऑपरेशन?

ज्यांचं काहीही दुखत नाही अशा लोकांचेसुद्धा एमआरआय काढून बघितलेत. २०१५ साली अशा बऱ्याच अभ्यासांची बेरीज छापून आली होती, तिच्यात न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३० टक्के आणि ऐंशीतल्यांपैकी ८४ टक्के लोकांच्या गादीला बल्ज होता. म्हणजे केस पिकतात तशी गादीही पिकते. माझ्याही रिपोर्टवर माइल्ड डिफ्यूज डिस्क बल्ज लिहिलंय, ते वाचून मी सहा महिने वाकले नाही, जमिनीवर बसले नाही, हळदीकुंकवाला गेले तर एकटी खुर्चीवर.

खरी सायटिका, म्हणजे गादीने पायाकडे जाणारी नस दबणं, वेगळी कळते. दुखणं कंबरेपेक्षा पायात जास्त, गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत एका पट्ट्यात उतरतं, खोकलं की कळ जाते, एखादी जागा बधिर. तीही बहुतेकांची काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होते, बाहेर आलेला गादीचा तुकडा बऱ्याचदा आपोआप आकसतो. ताकद जात असेल, किंवा महिने उलटूनही पाय असह्य दुखतोय आणि एमआरआय त्याच नसेकडे बोट दाखवतोय, तर ऑपरेशनचा विचार होतो आणि तेव्हा फायदाही होतो. नुसत्या "बल्ज आहे" वर टेबलावर चढू नका, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

मग कुठल्या टेस्ट करून घ्याव्या?

ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण नसांच्या तक्रारी असतील, म्हणजे जळजळ, मुंग्या, सुया टोचल्यासारखं, तर शुगर, बी१२ आणि थायरॉइड बघितलेत का एवढं विचारा. शाकाहारी लोकांत बी१२ कमी असणं अगदी कॉमन, आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली तरी ते उतरतं. माझं दुसऱ्या डॉक्टरांनी बघितलं, १६२ निघालं, कमी. इंजेक्शनं घेतली, बोटांतल्या मुंग्या निम्म्याने गेल्या, कंबर होती तिथेच. मला हे फार शिकवून गेलं, की टेन्शन आहे म्हणून दुसरं काही नसेलच असं नाही आणि दुसरं काही सापडलं म्हणजे सगळ्याचा उलगडा झाला असंही नाही, दोन्ही एकाच घरात राहू शकतात.

बाकी एकदा नीट तपासण्या झाल्या की थांबा. मी एका वर्षात चार डॉक्टर आणि दोन एमआरआय केले, दुसरा एमआरआय पहिल्यासारखाच, फक्त बिल वेगळं. लक्षणं बदलली तर पुन्हा जायचं, नुसती भीती वाटली म्हणून नाही.

हातापायाला करंट लागतो, मुंग्या येतात. नस दबलीय का?

दबलेली असू शकते, पण दर वेळी नाही. मीटिंगमध्ये किंवा भांडणात अचानक दोन्ही हातांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या तर बघा, तुम्ही भराभर श्वास घेत असता. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि नसा चुरचुरायला लागतात. श्वास सावकाश सोडत राहिलं की दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच जळजळ होत असेल तर घट्ट जीन्स, पट्टा, वाढलेलं पोट, यांनी तिथली एक वरवरची नस दाबली जाते, पट्टा सैल केला तरी फरक पडतो. रात्री अंगठ्याजवळची तीन बोटं बधिर होऊन जाग येत असेल तर ते सहसा मनगटात अडकलेल्या नसेचं असतं, पाठीचं नाही. आणि पाठीच्या किंवा छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होतेय आणि दोन-चार दिवसांत पुरळ उठलं तर ती नागीण, लगेच डॉक्टरकडे जा, औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झालेलं बरं. लेप लावत बसू नका.

अर्धांगवायूची भीती पण बऱ्याच जणांना असते. एका बाजूचा हात-पाय अचानक गळाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर १०८ ला फोन. येत-जात राहणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मुंग्या म्हणजे सहसा ते नसतं.

आराम करू की चालू?

चाला. झोपून राहण्याने पाठ बरी होते हा समज डॉक्टरांनी कधीच मागे टाकलाय, अगदीच धरली असेल तर एखादा दिवस, मग उठायचंच. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, ७०१ माणसं, कंबरदुखी नुकतीच बरी झालेली. निम्म्यांना फिजिओने मार्गदर्शन करून हळूहळू चालायला लावलं, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास हे टार्गेट. चालणाऱ्यांचं दुखणं परत यायला साधारण २०८ दिवस लागले, बाकीच्यांचं ११२ दिवसांत आलं. चालण्याला फी नाही म्हणून त्याची कोणी जाहिरात करत नाही, दुसरं काय.

पण अर्ध्या तासाने सुरुवात करू नका. मी सात मिनिटांनी केली, बिल्डिंगच्या गेटपासून पिठाच्या गिरणीपर्यंत आणि परत. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली. यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकून घेणं. एका दिवाळीला मला चार दिवस छान वाटत होतं म्हणून माळा काढला, पंखे पुसले, डबे घासले, चकलीची भाजणी पण आजच, आणि मग नरक चतुर्दशीला मी आडवी आणि नवरा अभ्यंगाचं पाणी तापवतोय. बऱ्या दिवशी थोडं कमी करायचं आणि वाईट दिवशी थोडं तरी करायचं, हे लिहायला सोपं आहे, मला जमायला दोन वर्षं लागली.

योगासनं चालतात. मार्जारासन, सेतुबंधासन, भुजंगासन सावकाश, शिकवणारा समजूतदार हवा. दुखलं तर किती? करताना थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बसलं तर ठीक, दोन दिवस टिकलं तर जास्त झालं.

गोळ्या?

पेनकिलर चार-पाच दिवस ठीक, महिनोन् महिने मेडिकलवाल्याला "तीच द्या" म्हणून घ्यायच्या नाहीत. किडनी, पोट, बीपी तिन्हीवर जातं, उन्हाळ्यात पाणी कमी पीत असाल तर अजूनच. नसांच्या दुखण्यावर प्रीगाबालिन सर्रास लिहितात. डायबिटीसच्या जळजळीवर ती काम करते, पण सायटिकावर २०१७ मध्ये नीट तपासली तेव्हा साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त. चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत न्यायची असते.

डिप्रेशनची गोळी दिली म्हणून बरेच जण चिडतात, मीही चिडले होते. अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन ही औषधं दुखण्याच्या नसांवरही काम करतात, त्यासाठीच देतात. मला रात्रीच्या छोट्या डोसने झोप लागायला लागली. तोंड कोरडं पडायचं, सकाळी जड वाटायचं, आठ महिन्यांनी डॉक्टरांनीच बंद केली.

बेल्ट, ट्रॅक्शन, मालिश, हाडवैद्य?

बेल्ट प्रवासापुरता लावा, दिवसभर नको. ट्रॅक्शनवर मी दहा दिवस घालवले, वजनं लटकवून छताकडे बघत पडायचं, उपयोग शून्य. मालिशने दोन दिवस बरं वाटतं, बरं वाटणंही कामाचंच असतं, फक्त जोरात रगडून "शिरेवर चढलेली शीर उतरवतो" म्हणणाऱ्यापासून लांब. मान कडकडा मोडणाऱ्याकडे तर मुळीच जाऊ नका.

आणि हो, पायाळू. आमच्या गावाकडे उसण भरली की पायाळू जन्मलेल्या माणसाकडून पाठीला लाथ लावून घेतात. माझ्या मावशीने आणला होता एक जण, बिचारा इंजिनिअर, संकोचून त्याने नुसता पाय टेकवला. आम्ही सगळे इतके हसलो की त्या संध्याकाळी खरंच कमी दुखलं. उसण तशीही चार दिवसांत जाते, श्रेय कोणालाही द्या.

गादी कडक हवी ना? जमिनीवर झोपू?

नको. कडक आणि मध्यम गाद्यांची तुलना झालीय, मध्यमवाल्यांचं कमी दुखलं. महागडी ऑर्थोपेडिक गादी घेण्याआधी आहे तीच उलटी करून बघा.

काउन्सेलरकडे जायचं म्हणजे वेडं ठरणं नाही का?

कंबरेसाठी काउन्सेलर हे मलाही विचित्रच वाटलं होतं. मी गेले ते झोप लागत नव्हती म्हणून. सात-आठ वेळा गेले असेन. तिथे आयसीयूची ती खुर्ची पुन्हा पुन्हा निघाली, फोन वाजला की अजूनही माझी पाठ ताठ होते हे मला तिथे बसून पहिल्यांदा कळलं, कारण काउन्सेलरने मला मुद्दाम माझ्याच फोनची रिंगटोन वाजवून दाखवली. दुसऱ्या दिवशी रिंगटोन बदलली. हसाल, पण फरक पडला.

अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १५१ जुनाट कंबरदुखीवाल्यांवर असा प्रयोग झाला, "हे दुखणं धोक्याचं नाही" हे मेंदूला शिकवण्याची चार आठवड्यांची थेरपी. ती घेतलेल्या ६६ टक्के लोकांचं दुखणं गेलं किंवा जवळपास गेलं, नेहमीचे उपचार चालू असलेल्यांत हे प्रमाण १० टक्के होतं. त्यांचं दुखणं फार तीव्र नव्हतं, तेव्हा सगळ्यांचं असंच होईल असं कोणी म्हणू नये. खर्च परवडत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि दुखण्याला कंटाळून जगणंच नको असा विचार येत असेल तर आजच फोन करा, किंवा घरात कोणाला तरी आजच सांगा.

घरच्यांना आणि साहेबांना काय सांगायचं?

नवऱ्याला मी एकदा डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं, माझ्यापेक्षा त्यांचं ऐकतो. साहेबांना आजाराचं नाव लागतं, "पाठ दुखते" वर कोणी दाद देत नाही, म्हणून फिजिओकडून चिठ्ठी घेतली, दर चाळीस मिनिटांनी उठू द्यावे. आता मी उठते, पाण्याच्या मशीनपर्यंत जाते, येते. सिलेंडर मी सरकवते, उचलत नाही, ते जमत नाही असं नाही पण मुलगा आहे ना घरात.

आता कसं आहे? गेलं का पूर्ण?

नाही. कमी झालंय, खूप. या वर्षीच्या मार्चमध्ये तीन फुल्या होत्या, त्यातली एक ३१ तारखेची, रात्री साडेअकराला बँकेतून निघाले तेव्हा पाय जळत होता. घरी येऊन गरम पाण्याची पिशवी घेतली, पाय उशीवर ठेवले, श्वास मोजत पडले, आणि दुसऱ्या दिवशी गिरणीपर्यंत गेले, परत आले. दुधाचा खाडा पण होता त्या दिवशी, तो लिहायचा राहिला आणि महिनाअखेरीस दूधवाल्याशी वाद झाला.